सल्ला ओठांवर येतो तेव्हा

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात कोचिंगला, म्हणजे आपल्या कामातल्या-आयुष्यातल्या अडचणींवर कोचशी समोरासमोर बोलायला, येणारी माणसं ठरावीक असतात. जिनिंगचा किंवा दालमिलचा कारभार नुकताच हातात आलेला मुलगा, शेतकरी उत्पादक कंपनीचा अध्यक्ष, बढती मिळून मुख्याध्यापक झालेल्या बाई, एमआयडीसीतला सुपरवायझर, बँकेचा शाखाधिकारी. बहुतेकांना कुणीतरी पाठवलेलं असतं. आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं : "माले काहीच सुचत नही, आते तुम्हीच सांगा भाऊ." इथेच कोचची परीक्षा लागते. सांगण्यासारखं त्याच्याजवळ बहुधा काहीतरी असतंच.

आमची पद्धत सहा सत्रांची आहे. पहिलं दीड तासाचं, पुढची तासाभराची, मध्ये पंधरवडा. आठवड्यानेच पुन्हा भेटलं तर मधल्या काळात काही करून पाहायला सवड मिळत नाही, आणि महिन्याच्या वर गेलं की धागा तुटतो, अर्धं सत्र मागचं आठवण्यात जातं. तारखा लावताना हंगाम पाहावा लागतो. पेरणीचा जून, कापूस वेचणीचा ऐन काळ आणि आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आठवडा मोकळा सोडायचा. त्या दिवसांत माणूस हो म्हणतो आणि येत नाही. मग न आल्याचं ओझं घेऊन पुढच्या वेळी येतो, ते वेगळंच.

सगळ्याच्या आधी एक कागद होतो. पानभराचा, मराठीतला, सहीचा. पैसे कोण देणार, किती बैठका, रद्द करायची तर किती आधी कळवायचं, आणि इथे बोललेलं कुणापर्यंत जाणार. मालकाने व्यवस्थापकासाठी किंवा वडिलांनी मुलासाठी पैसे भरले असतील तर हा कागद तिघांनी एकत्र बसून वाचायचा. पैसे देणाऱ्याला कळणार ते एवढंच : सत्रं झाली की नाही, आणि तिघांनी मिळून ठरवलेली उद्दिष्टं कोणती. "पोराला जरा वळणावर आणा" असं वडील हळूच बाजूला घेऊन सांगतात. त्याचं उत्तर त्याच वेळी द्यावं : वळण कोणतं ते त्याच्यासमोर सांगा, त्याला पटलं तर कागदावर घेऊ. हे टाळलं की तिसऱ्या सत्राच्या सुमारास मुलगा गोड बोलायला लागतो, सगळ्याला हो म्हणतो, आणि कामाचं काही सांगत नाही. तुम्ही वडिलांचा माणूस आहात हे त्याने ओळखलेलं असतं. गुप्ततेला अपवाद दोनच, तेही लिहून : कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि कायद्याने सांगणं भाग असेल तर.

इकडे एक अडचण जास्तीची असते. "कोणतं गाव तुमचं?" आणि "पाहुणे कोण?" एवढ्या दोन प्रश्नांत नातं निघतं. शालकाची सासुरवाडी तुमच्याच गल्लीत असते. लग्नात, दहाव्याला, बाजारात गाठ पडणारच. म्हणून आधीच बोलून ठेवायचं की चारचौघांत ओळख त्यांनी दाखवली तरच आपण दाखवायची. ओळखीतल्या ओळखीत काम घेऊ नये असं सगळे म्हणतात. खान्देशात तो नियम पाळला तर कोचिंगच करता येणार नाही. जवळचं नातं, पैशाचा व्यवहार आणि एकाच संस्थेतलं पद, एवढं मात्र टाळायचं.

जागा साधी हवी, पण दुकानाचं काउंटर किंवा मिलचं ऑफिस नको. तिथे दर पाच मिनिटाला कुणीतरी सही मागतं. खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरप्या ठेवाव्यात. पुरुषमाणसं नजरेला नजर न देता जास्त बोलतात. शेतकरी असेल तर सकाळी लवकर बांधावरून चालत बोलणं उत्तम, मात्र मे महिन्यात हे आठच्या आत आटोपायचं. चहा सुरुवातीला किंवा शेवटी. मध्ये चहा आला की नेमका महत्त्वाचा विषय निसटतो.

पहिला प्रश्न आम्ही सहसा असा विचारतो : "आज इथून उठताना काय झालेलं असलं, तर आल्यासारखं वाटेल?" पहिलं उत्तर टिपून ठेवायचं, पण त्याच्यामागे धावायचं नाही. पहिलं उत्तर बहुतेक वेळा सांगायला सोपं असतं म्हणून आलेलं असतं. नमुना म्हणून रावेर-यावलकडच्या एका केळी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष घ्या.

"संचालक बैठकीला येत नाहीत. दहा जण आहेत, कोरमपुरते चार येतात. आले तरी मोबाइलात डोकं."

इथे सल्ल्यांची रांग लागते : विषयपत्रिका आधी पाठवा, बैठकीची वेळ बदला, न येणाऱ्याला काढून टाका. ते सगळं बाजूला ठेवून विचारायचं, "सगळे आले होते अशी बैठक कधी झाली?"

"एकदा झाली. व्यापारी जाहीर झालेल्या बोर्डाच्या भावाच्या खाली माल मागत होता, तेव्हा. रात्री नऊला बोलावलं तरी दहाच्या दहा."

"त्या रात्री काय वेगळं होतं?"

आता थांबायचं. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. सहा-सातला जीव खालीवर होतो, काहीतरी बोलावंसं वाटतं, तरी नाही.

"त्या दिवशी मलाच काही ठरवता येत नव्हतं. मी विचारलं त्यांना."

"आणि एरवी?"

"एरवी मी ठरवूनच नेतो. सह्या तेवढ्या घ्यायच्या असतात."

हीच गोष्ट कोचने सांगितली असती, "तुम्ही सगळं एकहाती ठरवता, म्हणून ते येत नाहीत," तर काय झालं असतं? अध्यक्षांनी ताबडतोब बाजू मांडली असती : मग कोण ठरवणार, त्यांना फक्त भावाशी मतलब, मी नसतो तर कंपनी कधीच बुडाली असती. आणि माणूस जे मोठ्याने बोलतो ते त्याचं त्यालाच जास्त पटत जातं. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी प्रेरक मुलाखतीच्या पद्धतीत हे नेमकं दाखवलं. मिलर यांचं मूळ काम दारू सोडवू पाहणाऱ्या लोकांबरोबर होतं, १९८३ मध्ये त्यांनी ते पहिल्यांदा मांडलं. द्विधा मनाच्या माणसाजवळ दोन्ही बाजू तयार असतात. मदत करणाऱ्याने बदलाची बाजू उचलली की उरलेली बाजू, म्हणजे न बदलण्याची, त्या माणसाच्या वाट्याला येते. समोरच्याचं चुकलेलं सरळ करण्याची ही जी ओढ आहे, ती चांगल्या मनातूनच येते, आणि म्हणूनच तिला लगाम घालणं अवघड जातं. वाईट हेतूने सल्ला देणारा निदान सावध तरी असतो.

अपवाद शोधण्याचा तो प्रश्न, म्हणजे अडचण नव्हती ती वेळ कोणती, हा स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी अमेरिकेत मिलवॉकीला बसवलेल्या समुपदेशनाच्या उपायकेंद्री पद्धतीतला. तो चालतो कारण उत्तर त्या माणसाच्या स्वतःच्या अनुभवातून येतं. बाहेरून आलेल्या उपायावर "आमच्याकडे नाही चालत" म्हणता येतं. स्वतःच एकदा करून बसलेल्या गोष्टीवर तसं म्हणता येत नाही.

प्रश्नांबद्दल थोडं बारकाईने. "का" कमी वापरायचा. "का नाही केलं?" हे कितीही हळू आवाजात विचारलं तरी ऐकणाऱ्याला शाळा आठवते आणि तो कारणं जुळवू लागतो. "काय झालं", "कसं ठरलं", "कधी लक्षात आलं" असं विचारलं की तो घटना आठवतो. एका वेळी एकच प्रश्न. दोन जोडून विचारले तर सोप्याचंच उत्तर मिळतं. समोरच्याचे शब्द त्याचेच ठेवायचे : तो "जीव घाबरा होतो" म्हणाला तर परत बोलताना "ताण येतो" म्हणायचं नाही. अहिराणीतून किंवा लेवा बोलीतून बोलला तर तो शब्द तसाच परत द्यायचा. फक्त बोली येत नसताना तिची नक्कल करू नये, ते लगेच कळतं आणि लागतं. आणि तासाभरात कोचचं बोलणं पंधरा मिनिटांच्या वर गेलं असेल तर सत्र कुणाचं झालं हा विचार करावा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे शेवटी प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला. "तुम्हाला असं नाही का वाटत की आधी सगळ्यांना विश्वासात घ्यायला हवं होतं?" याला प्रश्न म्हणत नाहीत. सॉक्रेटिसचं नाव कोचिंगमध्ये फार घेतलं जातं. त्याची आई सुईण होती आणि आपणही तेच काम करतो, विचार दुसऱ्याचा, आपण फक्त बाळंतपण करतो, असं प्लेटोच्या संवादात तो म्हणतो. पण त्याच प्लेटोच्या दुसऱ्या संवादात तो गुलाम मुलाकडून भूमितीचा एक सिद्धांत काढून घेतो, तिथले त्याचे प्रश्न पाहा. उत्तर सॉक्रेटिसला आधीपासून माहीत आहे, आणि मुलगा बराच वेळ नुसता हो-हो म्हणतो आहे. भूमितीला ते चालतं, कारण तिथे उत्तर एकच असतं. वडिलांपासून वेगळं व्हायचं की नाही, नोकरी सोडून शेती करायची की नाही, याचं उत्तर कोचच्या खिशात नसतं. असल्यासारखं वाटत असेल तर ते त्याच्या स्वतःच्या आयुष्याचं उत्तर असतं.

आपल्याकडे उलटं उदाहरण गीतेचं देतात, की कृष्ण हा पहिला कोच. हे काही खरं नाही. कृष्णाने अर्जुनाला भरपूर सांगितलं, उपदेशच केला. तरीही अठराव्या अध्यायात ६३व्या श्लोकात तो म्हणतो, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु" : याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. इतकं सांगून झाल्यावरही निर्णय अर्जुनाकडे ठेवला. कोचिंगला उपयोगी आहे ती ही जागा. सल्ला द्यायचा की नाही हा प्रश्न तिच्यापुढे दुय्यम होतो. दिल्यानंतर तो नाकारण्याची मोकळीक खरोखर उरते का, हे पाहायचं.

याच कारणाने आम्ही सल्ल्याला सरसकट बंदी घालत नाही. माहितीची गरज असेल तिथे प्रश्न विचारत बसणं हा आडमुठेपणा आहे. तेच अध्यक्ष "संचालक कमी करून चारच ठेवू का?" म्हणाले, तर उत्पादक कंपनीला कायद्याने किमान ५ आणि जास्तीत जास्त १५ संचालक लागतात हे सरळ सांगून मोकळं व्हावं. पद्धत अशी : आधी विचारायचं, "याबद्दल मला थोडं माहीत आहे, सांगू का?" मग दोन वाक्यांत सांगायचं. मग विचारायचं, "हे ऐकून काय वाटतं?" तिसरी पायरी गाळली की माहितीचा हुकूम होतो, विशेषतः तुम्ही वयाने मोठे असाल तर.

वयाचा मुद्दा इकडे सतत आडवा येतो. दुसऱ्या सत्रापर्यंत "सर"चा "भाऊ" होतो, बाई असेल तर "ताई" किंवा "मावशी". त्यात वाईट काही नाही, जिव्हाळ्याशिवाय कुणी मनातलं बोलत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ मध्ये बदलासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या, त्यांत समजून घेणं, विनाअट स्वीकार आणि आतबाहेर एक असणं हे आहेच. मात्र नात्याबरोबर नात्याची कामंही येतात. भाऊने सांगायचं आणि धाकट्याने ऐकायचं. वडिलांशी ज्याचं पटत नाही तो हळूहळू कोचशीही तसाच वागू लागतो : मान खाली, हो म्हणणं, आणि घरी जाऊन उलट करणं. मानसशास्त्रात याला भावनांचं स्थानांतरण म्हणतात, फ्रॉइडपासून ते नोंदलेलं आहे. कोचने त्याचं विश्लेषण करत बसू नये, ते आपलं काम नाही. "आत्ता तुम्ही मला हो म्हणालात. हे तुम्हाला पटलं म्हणून, की मी म्हणालो म्हणून?" एवढं हसत विचारलं तरी पुरतं.

शहरातून शिकून आलेले कोच नेमकी याच्या उलटी चूक करतात. "वडिलांना विचारून ठरवतो" असं ऐकलं की त्यांना माणूस दबलेला वाटतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा स्वयंनिर्णयाचा सिद्धांत माणसाच्या तीन गरजा मानतो : स्वायत्तता, क्षमता आणि जवळीक. त्यातली स्वायत्तता म्हणजे एकट्याने ठरवणं नव्हे. मनापासून पटून वडिलांचं ऐकणारा मुलगा स्वायत्त असतो, आणि बंड करायचं म्हणूनच वेगळा राहणारा कदाचित नसतो. फरक ओळखायला एक प्रश्न कामाला येतो : "आप्पा नाही म्हणाले, तर तुम्ही स्वतःला काय सांगाल?" "त्यांनी काही पाहूनच नाही म्हटलं असेल" आणि "माझं नशीबच तसं" ही दोन उत्तरं सारखी नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या सत्रात मोजपट्टी काढतो. शून्य ते दहा. "हे करणं तुम्हाला किती गरजेचं वाटतं?" तो म्हणाला चार. पुढचा प्रश्न कोणत्या दिशेने जातो यावर सगळं अवलंबून. "आठ का नाही?" विचारलं की तो अडचणींची यादी वाचतो. "दोन का नाही, चार का?" विचारलं की गोंधळतो, थांबतो, आणि मग बदलाच्या बाजूची कारणं स्वतः सांगू लागतो. याला युक्ती म्हणून वापरलं तर मात्र दुसऱ्यांदा चालत नाही.

अभिप्राय देताना हात आखडता ठेवावा. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे अभ्यास एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून निघून स्वतःकडे गेलं की नुकसान होतं. "तुम्ही उत्तम नेते आहात" हीसुद्धा त्याच जातीची गोष्ट. "बैठकीत पहिली वीस मिनिटं तुम्हीच बोललात" हे चालतं. टिमोथी गॅलवे टेनिस शिकवताना हेच करत असे. फटका सुधारायला सांगण्याऐवजी चेंडू टप्पा घेतो तेव्हा "टप्पा" आणि रॅकेटला लागतो तेव्हा "फटका" एवढंच मोठ्याने म्हणायला लावायचा. लक्ष चेंडूवर गेलं की मनातली बडबड कमी होते.

यावरून कार्यशाळांत "साक्षीभाव", म्हणजे स्वतःकडे अलिप्तपणे पाहणं, असा जप सुरू होतो. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली स्थापन केलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात ज्या अद्वैत वेदान्ताचा अभ्यास झाला, त्यातला साक्षी विक्रीचं टार्गेट गाठायला नेमलेला नाही. आपलं बोलणं आपणच ऐकायला शिकणं ही चांगली गोष्ट आहे. तिला तेवढंच म्हणावं.

सत्राच्या शेवटी घरचा अभ्यास ठरतो, आणि तो फसतो. कारण बहुधा एकच : "आता सगळ्यांशी बोलत जाईन" असा ढोबळ असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झरने मांडलेली जर-तरची बांधणी इथे वापरावी. "गुरुवारी संध्याकाळी व्यापाऱ्याचा भावासाठी फोन आला, तर हो म्हणायच्या आधी मी दोन संचालकांना फोन लावीन." वेळ, प्रसंग, कृती, तिन्ही वाक्यात हवेत, आणि वाक्य त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. एका पंधरवड्याला एकच. पुढच्या वेळी झालं नसेल तर रागवायचं नाही आणि "असू द्या हो" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. गुरुवारी नेमकं काय झालं ते मिनिटामिनिटाने विचारायचं. फोन आला तेव्हा तो गाडी चालवत होता, एवढंही निघतं. मग वाक्य बदलायचं, माणूस नाही.

काही वेळा कोचिंग थांबवायचं असतं. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, कशात रस नाही, झोप आणि जेवण बिघडलेलं, "आपण नसलो तर बरं" असं बोलणं. तिथे मोजपट्ट्या आणि जर-तर बाजूला ठेवायचे. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उत्तर हो असेल तर एकटं सोडायचं नाही, घरच्या एका माणसाला त्याच्यासमोर फोन लावायचा, घरातली फवारणीची औषधं दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवायला सांगायची आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायचं. टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कसलाही परवाना लागत नाही. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्रसुद्धा ६० तास शिक्षण आणि १०० तास सरावावर मिळतं. एवढ्या शिदोरीवर नैराश्याला हात घालू नये.

दुसरी थांबायची जागा कमी बोलली जाते. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने केळीची बाग गेली, रोपं उपटून फेकावी लागली, घड तयार असताना भाव पडला, अशा माणसाला "दृष्टिकोन बदला" म्हणणं हा अपमान आहे. त्याची अडचण त्याच्या डोक्यात नाही, बाजारात आणि शेतात आहे. कोचिंगमध्ये हा दोष मुळातच आहे : समोर एकच माणूस बसलेला असतो, म्हणून सगळं त्याच्याच हातात आहे असं वाटायला लागतं. आम्ही अशा वेळी कागदाच्या मधोमध रेघ मारून घेतो. डावीकडे त्याच्या हातातलं, उजवीकडे नसलेलं. उजवी बाजू मोठी निघाली तर निघू द्यायची, ती खोडायला लावायची नाही. डावीकडे कधी एवढंच उरतं की बँकेत कुणाला सोबत न्यायचं.

सहावं सत्र निम्मं हिशेबाचं असतं. पहिल्या दिवशीचा कागद काढून उद्दिष्टं वाचायची, काय झालं, काय राहिलं, आणि पुढे अडलं तर घरात-गावात विचारायला कोण आहे. दोन नावं तरी निघाली पाहिजेत. पैसे देणाऱ्याला जायचा अहवाल त्या माणसानेच लिहायचा, अर्ध्या पानाचा. आपण फक्त सही करायची. तीन महिन्यांनी एक फोन, वीस मिनिटांचा, त्याचे पैसे नाहीत. त्या फोनवर "आणखी सहा सत्रं घेऊ का?" असं हमखास येतं. पुन्हा बसायचं असेल तर नवा कागद करायचा, नव्या उद्दिष्टांसह. नवं काही लिहायला सुचत नसेल तर सत्रं घ्यायची नाहीत.